पेट्या रिकाम्या, म्हणून रान रिकामं?

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गावाला लागून हेझल आणि ओकचं जुनं रान आहे. गावातल्या काही मंडळींनी मिळून तिथे डॉरमाउस या झाडांवर राहणाऱ्या, उंदरासारख्या छोट्या प्राण्यासाठी २० लाकडी पेट्या टांगल्या. दोन मोसम झाले. पेट्यांत ब्लू टिट या छोट्या पक्ष्याची घरटी निघाली, रानउंदीर निघाले, डॉरमाउस मात्र एकही नाही. आता रानाचे मालक म्हणतात, "नाहीचत, तर मी येत्या हिवाळ्यात झाडं विरळ करून घेतो." गटातले काही जण म्हणतात, पेट्या काढून दुसरीकडे लावू. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: डॉरमाउस नाहीत असं धरायचं का, पेट्या हलवायच्या का, आणि मुलांना घेऊन पेट्या उघडलेलं चालतं का.

ताई, आधी थोडक्यात सांगते. नाहीत असं अजिबात धरू नका. पेट्या हलवू नका, वाढवा. आणि मुलांना जरूर न्या, पण पेट्या उघडायला नाही. मी दक्षिण इंग्लंडमध्ये बरीच वर्षं लायसन्स घेऊन डॉरमाउस शोधण्याचं, पेट्या तपासण्याचं काम करते आहे. तुमचं रान मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढच्या काही गोष्टी तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. जिथे तसं आहे तिथे तसं सांगेन.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी खरं तर एकच अडचण आहे. जो प्राणी दिसत नाही, तो नाही हे कशावरून म्हणायचं? वाघ, हत्ती यांच्या बाबतीत माग, विष्ठा, आवाज काहीतरी सापडतं. हेझल डॉरमाउस उन्हाळ्यात जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाचा असतो. तो रात्री फिरतो, मे ते ऑक्टोबर जमिनीवर फारसा उतरत नाही, फांद्याफांद्यांवरूनच जातो, आणि वर्षातले पाच-सहा महिने शीतनिद्रेत असतो. रानात रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला तो आयुष्यभर दिसत नाही. आपल्याकडे भीमाशंकरला शेकरूची मोजणी करतानाही प्राण्यापेक्षा घरट्यांवर भर देतात. इथे तर प्राणी त्याहून कितीतरी लहान आणि निशाचर आहे.

आता तुमच्या २० पेट्यांचा हिशोब करू. चांगल्या रानातसुद्धा एका हेक्टरमध्ये फार तर पाच ते दहा प्रौढ डॉरमाउस असतात, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. पेट्या २० मीटर अंतरावर चौकटीत लावल्या तर हेक्टरला २५ बसतात. म्हणजे तुमच्या पेट्यांनी एक हेक्टरही व्यापलेलं नाही. एवढ्या तुकड्यात समजा दोन-तीन प्राणी आहेत. त्यांना ओकच्या ढोल्या आहेत, हनीसकलच्या वेलीचे गुंते आहेत, ब्लॅकबेरीच्या जाळ्या आहेत. एकेक प्राणी एका मोसमात अनेक घरटी वापरतो. तुम्ही ज्या सकाळी पेटी उघडलीत, त्याच दिवशी तो तुमच्याच पेटीत झोपलेला असावा, हा योग जुळून यायला हवा. म्हणूनच पीपल्स ट्रस्ट फॉर एन्डेंजर्ड स्पीशीज ही संस्था जो राष्ट्रीय डॉरमाउस देखरेख कार्यक्रम चालवते, त्यात एका ठिकाणी किमान ५० पेट्या लावायला सांगतात.

पेट्यांऐवजी प्लास्टिकच्या नेस्ट ट्यूब, म्हणजे घरट्यासाठीच्या नळ्या, लावून जे सर्वेक्षण होतं, त्यात महिन्यांना चक्क गुण दिलेले आहेत. ५० ट्यूब असतील तर एप्रिलला १, मेला ४, जून आणि जुलैला प्रत्येकी २, ऑगस्टला ५, सप्टेंबरला ७, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला प्रत्येकी २. एकूण २५. निदान २० गुण भरल्याशिवाय "सापडले नाहीत" या निष्कर्षाला वजन येत नाही. ट्यूब कमी असतील तर गुणही त्या प्रमाणात घटतात. हा हिशोब ट्यूबचा आहे, लाकडी पेट्यांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण २० पेट्या आणि जून-जुलैतल्या दोन फेऱ्या यांतून किती कमी कळतं, याचा अंदाज त्यावरून येईल. तुम्ही कोणत्या महिन्यांत पेट्या पाहिल्यात ते लिहिलेलं नाही. सुट्टीच्या सोयीनं जुलैत पाहिल्या असतील, तर तुमच्या दोन मोसमांचं वजन फारच कमी धरावं लागेल. सप्टेंबर सोडू नका. तोवर पिल्लं मोठी होऊन फिरायला लागलेली असतात आणि सगळेच खाऊन खाऊन अंगात चरबी भरत असतात, त्यामुळे सापडण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त.

पेट्या कशा लावल्या आहेत तेही एकदा जाऊन पाहा. नव्या गटांच्या पेट्या पाहायला मला बोलावतात तेव्हा मी आधी दोन गोष्टी बघते. एक म्हणजे भोकाची दिशा. डॉरमाउसच्या पेटीचं भोक खोडाच्या बाजूला हवं, आणि पेटी व खोड यांच्यामध्ये पट्ट्या ठोकून त्याला शिरता येईल एवढी फट हवी. पक्ष्यांच्या पेटीची सवय असलेला माणूस हमखास भोक पायवाटेकडे करतो, मग ती टिटचीच पेटी होते. (भोक खोडाकडे असलं तरी काही टिट शिरतातच, त्याला इलाज नाही.) दुसरी गोष्ट म्हणजे पेटीच्या आजूबाजूला काय आहे. उघड्याबोडक्या ओकच्या बुंध्यावर लावलेल्या पेटीपर्यंत डॉरमाउस येणार कुठून? पेटी हेझलच्या जाळीत हवी, आसपासच्या फांद्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात, हनीसकल जवळ असेल तर उत्तम. उंची छातीपासून डोक्यापर्यंत पुरते. म्हणजे तपासतानाही शिडी लागत नाही.

हे सगळं नीट असलं तरी काही रानांत डॉरमाउस पेट्यांकडे वळायला वर्षं घेतात. जिथे जुन्या झाडांना भरपूर ढोल्या आहेत तिथे त्यांना पेटीची गरजच कमी. तुमचं रान "जुनं" आहे असं तुम्ही म्हणता, त्यामुळे ही शक्यता मी गंभीरपणे घेईन. पेट्या हलवल्यात तर हे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होईल. म्हणून आहेत तिथेच राहू द्या, आणि जमतील तशा आणखी ३० लावा.

मात्र तुम्हाला मालकांना उत्तर द्यायचं आहे येत्या हिवाळ्याच्या आत. त्यासाठी पेट्यांवर विसंबू नका. हेझलनट शोधा.

या कामातली माझी सर्वांत आवडती पद्धत हीच. पिकलेलं हेझलनट फांदीवरच कुरतडून, आतला गर खाऊन डॉरमाउस कवच खाली टाकतो, आणि त्या कवचावर त्याची सही असते. भोक गोल असतं. भोकाची आतली कड हाताला गुळगुळीत लागते, कारण तो कवच फिरवत फिरवत दात तिरपे चालवतो. दातांच्या खुणा भोकाभोवती कवचाच्या बाहेरच्या बाजूला, तिरप्या दिसतात. वुड माउस म्हणजे रानउंदीर कुरतडतो तेव्हा आतल्या कडेवर नाण्याच्या कडेसारख्या खाचा राहतात आणि कवचावर बाहेर ओरखडे असतात. बँक व्होल या उंदरासारख्या प्राण्याच्या भोकालाही आतून तशाच खाचा असतात, पण बाहेर ओरखडे जवळपास नसतात. खार कवचाची सरळ दोन शकलं करते. आणि अगदी टाचणीच्या डोक्याएवढं नेटकं छिद्र दिसलं तर ते भुंगेऱ्याच्या अळीचं काम, ते बाजूला टाका. दहा-बारा कवचं हातात फिरवून पाहिली की फरक कळू लागतो. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात ठेवा.

करायचं असं. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचे दिवस चांगले, तेव्हा कवचं ताजी असतात आणि पानांखाली गाडली गेलेली नसतात. रानात जिथे हेझल भरघोस फळलं आहे अशी जागा निवडा. १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखा आणि त्यात गुडघ्यांवर बसून २० मिनिटं कवचं शोधा. असे वेगवेगळ्या जागी पाच चौकोन करा. १९९३ साली इंग्लंडमध्ये 'ग्रेट नट हंट' झाला, त्यात हजारो लोकांनी अशीच कवचं गोळा केली, आणि कुठे डॉरमाउस उरले आहेत याचं चित्र त्यातून उभं राहिलं. त्यातले बहुतेक साधे गावकरी आणि शाळकरी मुलं होती.

इथेही दोन गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुमच्या रानात करड्या खारी फार असतील तर त्या नट पिकायच्या आधीच फस्त करतात, मग डॉरमाउसनं खाल्लेली कवचं मिळणं अवघड. आणि हेझल दाट सावलीत असेल तर त्याला फळच धरत नाही. पाचही चौकोनांत उंदरांची भरपूर कवचं मिळाली आणि डॉरमाउसचं एकही नाही, तर तो बऱ्यापैकी ठोस नकार आहे. पण मुळात कवचंच मिळाली नाहीत, तर त्यावरून काहीच ठरत नाही. अशा वेळी पायाच्या ठशांचे बोगदे लावतात. झाडाच्या आडव्या फांदीखाली बांधलेली नळी, आत कागद आणि दोन्ही टोकांना कोळशाची पूड तेलात कालवून केलेली शाई. डॉरमाउसच्या पंजाच्या गाद्या त्रिकोणी उमटतात, उंदराच्या तशा नसतात. त्याला प्राण्याला हात लावावा लागत नाही, म्हणून नवख्या गटांना मी ही पद्धत आवर्जून सुचवते.

आता कायद्याचं, कारण मुलांचा प्रश्न त्याला जोडलेला आहे. १९८१ चा वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्ट आणि २०१७ चे हॅबिटॅट्स रेग्युलेशन्स या दोन्हींखाली डॉरमाउसला पूर्ण संरक्षण आहे. त्याला पकडणं, हातात घेणं, जाणूनबुजून त्रास देणं, त्याची राहायची जागा मोडणं हे सगळं गुन्ह्यात येतं. पेटी टांगायला लायसन्स लागत नाही. पण एकदा का पेटीत डॉरमाउस किंवा त्याचं घरटं सापडलं, की त्यानंतर तिथल्या पेट्या तपासायला नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेचं लायसन्स असलेला माणूसच हवा. केंट हा डॉरमाउस अजून टिकून असलेला परगणा आहे, तेव्हा तुम्ही ते सापडण्याची वाट बघत थांबू नका. आत्ताच परगण्याच्या मॅमल ग्रुपला (सस्तन प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या गटाला) किंवा वाइल्डलाइफ ट्रस्टला लिहा आणि एखादा लायसन्सधारक तुमच्याबरोबर फिरायला तयार आहे का ते विचारा. सहसा कोणीतरी मिळतं. त्याच्या हाताखाली तुमच्यातल्या एक-दोघांनी शिकायला सुरुवात केली तर पुढे तुमचंच लायसन्स होईल. त्यासाठी केवळ फेऱ्या पुरत नाहीत, प्राणी प्रत्यक्ष हाताळण्याचा अनुभव लागतो, म्हणून बहुतेकांना दुसऱ्या, डॉरमाउस नक्की असलेल्या रानातही जावं लागतं.

कशासाठी एवढं शिकायचं, असं गटात कोणी विचारील. पेटी तपासणं दिसतं सोपं. जवळ गेल्याबरोबर भोकात फडक्याचा बोळा कोंबायचा, पेटी अलगद उतरवून मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवायची, आणि मगच झाकण सरकवायचं. रानउंदीर असेल तर तो क्षणात उडी मारतो. डॉरमाउसचं घरटं ओळखू येतं: हनीसकलच्या सालीचे धागे गुंफून केलेला गोळा आणि भोवती हेझलची हिरवी पानं. त्याला वास नसतो. उंदराच्या घरट्यात कोरडी पानं कशीही कोंबलेली असतात आणि वासही येतो. वर शेवाळाचा घुमट दिसला तर तो बहुधा रेन पक्ष्याचा. घरटं बोटांनी हलकेच उकलताना आत गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं दिसली तर तिथल्या तिथे बंद करून पेटी परत टांगायची, वजन-बिजन काही नाही. मोठा प्राणी असेल तर त्याला छोट्या पिशवीत घेऊन स्प्रिंगच्या काट्यावर वजन करायचं, नर की मादी ते पाहायचं, आणि तो होता तिथेच सोडायचा. शेपटीला कधीही धरायचं नाही, कारण शेपटीची कातडी सुटून येते आणि ती पुन्हा भरत नाही. थंड सकाळी काही प्राणी इतके गार आणि निपचित असतात की नवखा माणूस मेला समजतो. ती त्याची ऊर्जा वाचवायची रीत आहे, त्याला चोळून जागं करू नये. पावसात तर पेट्या उघडतच नाही.

हे वजन कशाला घेतो, तर शरद ऋतूत तो प्राणी हिवाळा काढू शकेल का ते त्यावरून कळतं. १५-१८ ग्रॅमच्या खाली असलेला प्राणी शीतनिद्रेतून जागा होण्याची आशा कमी. चांगला खाल्लेला ३० ग्रॅमच्या वर जातो.

पेट्या जिथे आहेत तिथे राहू द्यायच्या आणि वाढवायच्या, मे आणि सप्टेंबर चुकवायचे नाहीत, आणि या शरदात पाच चौकोन शोधायचे, एवढं तुमच्या गटाच्या हातात आहे. मालकांशी काय बोलायचं, हा खरा नाजूक भाग.

ते तुमचे विरोधक आहेत असं मानून जाऊ नका. डॉरमाउसला रानात माणसाचं काम हवंच असतं. त्याच्या पोटात आंधळं आतडं नसल्यामुळे त्याला पानं पचत नाहीत. वसंतात हॉथॉर्न आणि ओकचा फुलोरा, मग हनीसकलची फुलं, मावा, अळ्या, उन्हाळ्याच्या शेवटी ब्लॅकबेरी आणि मग हेझलनट, असा एकामागोमाग एक पुरवठा त्याला एकाच छोट्याशा जागेत लागतो. पूर्वी इंग्लंडमध्ये हेझल मुळाजवळ तोडून पुन्हा फुटू द्यायची कॉपिसची रीत होती. दर वर्षी रानाचा एक तुकडा तोडला जायचा, त्यामुळे प्रत्येक वयाची झुडपं शेजारी-शेजारी असायची. ती रीत बंद पडली, वरची झाडं दाट झाली, खाली सावली आली, हेझल फळेनासं झालं. त्यात हरणं कोवळे कोंब खाऊन टाकतात, आणि शेतांमधली झुडपांची कुंपणं काढली गेली किंवा दर वर्षी यंत्रानं इतकी खाली छाटली जातात की त्यांना फूल-फळच येत नाही. या सगळ्याचा परिणाम असा की २००० ते २०२२ या काळात ब्रिटनमधले डॉरमाउस ७० टक्क्यांनी घटले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजवर इंग्लंडच्या २० परगण्यांतून ते नाहीसे झाले.

म्हणून मालकांना "झाडं तोडू नका" असं सांगण्यापेक्षा "तुकड्यातुकड्यानं तोडा" असं सांगा. एका हिवाळ्यात सगळं रान विरळ केलं तर फांद्यांचे पूल तुटतात, आणि तोडलेलं हेझल पुन्हा नीट फळायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर तिथले प्राणी कुठे जाणार? त्याऐवजी दर एक-दोन वर्षांनी लहानसा तुकडा, त्याच्या चारही बाजूंना न तोडलेली झुडपं, आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा तोच तुकडा, असा फेरा ठेवता येईल. हनीसकल तोडायचं नाही. हिवाळ्यात काम करताना जड यंत्रं रानभर फिरवायची नाहीत, कारण तेव्हा डॉरमाउस जमिनीवर, पालापाचोळ्यात किंवा हेझलच्या बुंध्याशी विणलेल्या गोळ्यात झोपलेला असतो आणि चाकाखाली आला तर उठून पळूही शकत नाही. रानाच्या कडेचं कुंपण दर वर्षी न छाटता तीन वर्षांनी एकेक भाग छाटावा. उत्तम कुंपण डॉरमाउसला दुसऱ्या रानापर्यंत नेतं, आणि त्याचा खर्च मालकांनाही कमीच येतो.

कायद्याची जबाबदारी मालकांवर आहे, हेही त्यांना सौम्यपणे सांगायलाच हवं. "आम्हाला सापडले नाहीत" एवढ्यावर ते निर्धास्त होऊ शकत नाहीत, विशेषतः केंटमध्ये. शिवाय एका तिमाहीत ५ घनमीटरपेक्षा जास्त लाकूड तोडायचं तर साधारणपणे फॉरेस्ट्री कमिशन या सरकारी वनखात्याची परवानगी लागते, तिथेही डॉरमाउसचा प्रश्न निघतोच. तुमच्याकडे पाच चौकोनांच्या नोंदी असतील तर त्या त्यांच्याच उपयोगाच्या आहेत. तसं मांडलंत की बोलणं सोपं होतं.

गटात कोणी सुचवेल की दुसरीकडून डॉरमाउस आणून सोडू. ते अजिबात नको. १९९३ पासून इंग्लंडमध्ये ते पुन्हा सोडले जात आहेत, पहिल्यांदा केंब्रिजशरच्या ब्रॅम्प्टन वुडमध्ये. पण ते पिंजऱ्यात वाढवलेले, रोगतपासणी झालेले प्राणी असतात, आणि जिथून ते नाहीसे झाले अशा परगण्यांत, झाडाला बांधलेल्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवून मग सोडतात. ते संस्थांचं काम आहे. प्राणी इकडून तिकडे हलवण्याचं काय होतं ते चिल्टर्न्सच्या टेकड्यांत दिसतं: १९०२ साली हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगला आणलेले युरोपातले मोठे, करडे डॉरमाउस आज तिथल्या घरांच्या माळ्यांवर तारा कुरतडतात. तुमच्या कोणा हर्टफर्डशरच्या मित्रानं "आमच्या छपरात डॉरमाउस आहे" म्हटलं तर तो बहुधा हा, आपला नाही.

रिकाम्या पेट्यांची नोंद मात्र फेकू नका. तारीख, पेटीचा क्रमांक, आत काय होतं, काहीच नसेल तर "काही नाही". लोक फक्त सापडलेल्याच दिवसांची माहिती पाठवतात, आणि मग घट होते आहे की नाही हेच कळेनासं होतं. तुमच्या दोन मोसमांची शून्यं लायसन्सधारक मिळाल्यावर त्याच्या हाती द्या.

आणि मुलं. त्यांना कवचं शोधायला न्या. त्यांची नजर आपल्यापेक्षा जमिनीच्या जवळ असते, ती कवचं आपल्याआधी शोधतात, आणि त्यात कुठल्याही प्राण्याला धक्का लागत नाही. लांब पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे गोचीड आहे का नीट पाहा. त्या गोचिडांतून लाइम रोग होऊ शकतो, तेव्हा हे टाळू नका. संशयास्पद वाटणारी कवचं चौकोनाचा क्रमांक लिहिलेल्या वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. भोकाचा फोटो उजेडात, कवच थोडं तिरकं धरून काढा, म्हणजे कड आणि बाहेरच्या खुणा दोन्ही दिसतील. इथे टाकलेत तर मी पाहून सांगेन.